कादवेचा काठ दरवर्षी ढासळतोय, भिंत बांधू की झाडं लावू?

कादवाकाठचा
राम राम मंडळी. निफाडच्या खालच्या अंगाला कादवेकाठी आमचं रान आहे. वर द्राक्षबाग, नदीकडे घासाचा तुकडा. जनावरं नऊ, त्यात सहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आणि आईच्या हट्टापायी ठेवलेली एक म्हैस. आजोबांपासून सगळी एकाच उतारानं पाण्यावर जातात. तेव्हा तिथून बैलगाडी जेमतेम जायची, आता ट्रॅक्टर आडवा मावेल.

२०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात घासाचे दोन वाफे गेले. आमची ती माती आता खाली नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या गाळात पाखरांच्या पायाखाली असेल. पण गेल्या वर्षी मोठा पूर नसताना करंजाचं झाड मुळासकट खाली गेलं, तेही पाणी उतरल्यावर, लख्ख उन्हात. हे काही समजेना. मध्ये जुन्या घराचा चार ट्रॉल्या राडारोडा टाकला होता. तो वाहून गेलाच, वर शेजारचा काठ आणखी कोरला गेला.

भाऊ म्हणतो काँक्रीटची भिंत. खर्चाचा आकडा ऐकून घरात कुणी बोललं नाही. वडील म्हणतात, गुरांचा काय दोष, नदी तिच्या मनाची. काय करावं?

दारणेवाला
आधी उन्हात का पडलं ते सांगतो. पुरात काठ पाणी पिऊन जड होतो, पण तोवर नदीचंच पाणी त्याला बाहेरून टेकू देतं. धरणाचा विसर्ग कमी केला की नदी झपकन उतरते. टेकू गेला, काठातलं पाणी मात्र आतच. मग तो स्वतःच्या वजनानं बसतो. वरच्या पालखेड धरणाचं पाणी बंद झाल्यावर एक-दोन दिवस कडेला उभं राहू नका.

वडील अर्धे बरोबर. नदी कापतेच, पण खुरांनी ओली माती तुडवून गवत मेलं की पुराला आत शिरायला दार मिळतं. म्हणून भिंतीआधी गुरं बाजूला. मी गोठ्याजवळ हजार लिटरचा हाळ, म्हणजे गुरांना पाणी प्यायचं टाकं बांधलं, भरलं की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट लावला. दुभती गाय उन्हाळ्यात ऐंशी लिटरपर्यंत पिते, हिशोब त्यावर धरा. काठापासून पंधरा फूट सोडून झटका तार ओढली. पंधरा फूट म्हटल्यावर बायको दोन दिवस बोलली नव्हती. आता तिथलंच हत्तीगवत कापून आणते.

उभी दरड मे महिन्यात तासून उतरती करा, त्याशिवाय झाड टिकत नाही. नदीपात्रात मशीन घालण्याआधी पाटबंधारेवाल्यांना विचारा, भराव तर टाकूच नका. पाऊस लागला की पाण्याच्या रेषेला वाळुंजाच्या (नदीकाठी वाढणारं झाड) मनगटाएवढ्या फांद्या दोन हात खोल ठोका. मागे वाळा, वीतभर अंतरानं. त्याच्या वर निर्गुडी, तिला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. माथ्यावर उंबर, जांभूळ. बांबू अगदी कडेला नको, खालून पोखरलं की अख्खं बेट माती घेऊन पडतं.

गोठा_डॉक्टर
हाळाला माझाही दुजोरा. काठच्या चिखलात गोगलगायी असतात, त्यांच्यामुळे पर्णकृमी गाईच्या यकृतात जातात. दूध घटतं, कधी जबड्याखाली सूज दिसते. दारणेवाल्यांना एक सुचवतो: पाणी चढतं त्या पट्ट्यातलं गवत ओलं टाकू नका, वरचंच कापा. आणि यंदा शेण तपासून घ्या.

उसातला
सगळं खरं, पण दाट झाडी म्हणजे बिबट्याला घर. आमच्याकडे ऊस तुटला की तो काठानंच फिरतो.

दारणेवाला
उसात राहतोच की तो, झाडीनं नवा येत नाही. गोठ्याला जाळी आणि दिवा ठेवा.

कादवाकाठचा
हाळाचं काम या महिन्यात धरतो. भिंत रद्द, भाऊ गप्प आहे. वडील तयार झाले, पण एका अटीवर: पोळ्याला भावकीचे बैल धुवायला एक वाट राहिली पाहिजे. फाटक लावून अरुंद उतार ठेवला तर चालेल ना?

दारणेवाला
चालेल. बैलजोडी जाईल एवढाच, खाली दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून फरसबंदी. फक्त उताराचं तोंड प्रवाह जातो त्या बाजूला तिरपं वळवा. येणाऱ्या पाण्याकडे तोंड केलंत तर पूर सरळ त्यातूनच वर चढेल.