संकटात नेत्यानं लोकांना खरं किती सांगावं?

दूधगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव चिक्कोडीकडं, दूधगंगेच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टमधली एक रात्र अजून डोक्यातनं जात नाही. संध्याकाळी माइकवरनं सांगून गेले, घाबरू नका, पाणी गावात येत नाही. आम्ही जेवून झोपलो. रात्री म्हशी हंबरायल्या म्हणून बाबा उठले तर गोठ्यात गुडघाभर पाणी, ओल्या दाव्याची गाठ सुटेना म्हणून विळ्यानं कापली, तरी एक रेडकू गेलं ते गेलंच. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, लोकांची पळापळ होऊ नये एवढंच. पण गावाचं सोडा, देश चालवणाऱ्या माणसानं युद्ध, साथ, महापूर असलं काय आलं तर खरं सांगावं की धीर द्यावा?

निपाणीकर:
ही दोन वेगळी का धरायलासा? १९६५ ला एकीकडं पाकिस्तानशी युद्ध, दुसरीकडं धान्याची टंचाई, अमेरिकेच्या गव्हावर देश चाललेला. शास्त्रीजींनी गोदामं भरलेली आहेत म्हणून सांगितलं नाही, आठवड्यातनं एक वेळचं जेवण सोडा म्हणाले, आणि ते आधी स्वतःच्या घरात पोरांबाळांसकट करून बघितलं. आमची आजी सोमवारी रात्री चूल पेटवायची नाही, शास्त्रीजी गेले तरी कितीतरी वर्षं. सांगणारा स्वतः उपाशी राहिलाय हे लोकांना माहीत होतं, त्यातच धीर आला की.

खानापूर४:
सगळ्याच वेळी खरं बोलून चालत नाही ओ. १२ मार्च १९९३ ला मुंबईत १२ स्फोट झाले. शरद पवार मुख्यमंत्री, त्यांनी टीव्हीवर एक जास्तीचा सांगितला, मुस्लिम वस्तीतल्या मस्जिद बंदरचा, जो झालाच नव्हता. बाकीचे बहुतेक हिंदू वस्तीत झालेले, डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीची राख अजून गरम होती, परत पेटलं असतं तर काय केलं असतंसा? नंतर त्यांनी स्वतःच हे जाहीर सांगितलं. मी तरी त्यांना दोष देणार नाही.

टिळकवाडी:
खानापूरकर, तुमचं पटतंय, पण तिथं लोकांना घरात थांबवायचं होतं. पुरात लोकांना हलायचं असतं, तिथं खोटा धीर दिला की हातातला वेळच जातो. आणि अंदाज चुकला तर चुकला म्हणून सांगायचं. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाईंनी कोरोनात मार्च २०२१ मध्ये ईस्टरचा कडक लॉकडाऊन जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी मागं घेतला, चूक माझी एकटीची म्हणाल्या, लोकांची माफी मागितली. तिकडं ऑस्ट्रेलियात २०१९ च्या डिसेंबरात जंगलं पेटलेली आणि पंतप्रधान मॉरिसन घरच्यांबरोबर हवाईला सुट्टीवर. वर रेडिओवर म्हणाले, पाण्याचा पाईप काय मी धरत नाही. पाईप धरा म्हणून कोण म्हणालं होतं? माणूस जागेवर पाहिजे होता, एवढंच लोकांचं म्हणणं.

दूधगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. आता आम्ही कोणाच्या माइकची वाट बघत नाही. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरनं किती क्युसेक पाणी चाललंय, खालच्या आलमट्टी धरणातनं किती सोडायलेत, तेवढे आकडे मी सकाळी बाबांना वाचून दाखवतो. ते गोठ्याच्या भिंतीवरची त्या रात्रीची पाण्याची रेघ बघतात आणि म्हशी कधी हलवायच्या ते स्वतःच ठरवतात. धीर दिला नाही तरी चालेल, आकडा तेवढा खरा आणि वेळेत सांगा.