बुरशीला युरिया नको, पऱ्हाटी द्या

एका शेतकऱ्यानं विचारलंय, जुन्या कपाशीच्या वावरातला एंडोसल्फान या कीटकनाशकाचा अंश ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि युरियानं जाईल का. या कामाला ती जोडी चुकीची आहे.

लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरश्या, धिंगरी अळिंबी त्यातलीच, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) तोडायला पेशीबाहेर विकरं (एन्झाइम) सोडतात. ती एकाच रेणूला बांधलेली नसतात, म्हणून कीटकनाशकंही तुटतात. पेशीतली विकरंही हातभार लावतात. १९८५ साली फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या पांढऱ्या बुरशीवर हे डीडीटी, लिंडेन या कीटकनाशकांसाठी दाखवलं गेलं. या बुरशीत लिग्निन तोडणारी विकरं नत्र कमी पडल्यावर सुटतात. मग नत्र देणारा युरिया कशाला? शिवाय कीटकनाशकावर बुरशीचं पोट भरत नाही, तिला लाकूडच लागतं.

पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) २-३ सेंमी तुकडे रात्रभर भिजवा, ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळून ओल्या वजनाच्या ३-५ टक्के धिंगरीचं स्पॉन (बियाणं) मिसळून पिशव्यांत भरा. साधारण तीन आठवड्यांत पांढरं जाळं पसरतं. तेव्हाच मातीत कालवा. नुसतं स्पॉन टाकलं तर मातीतले जिवाणू त्याला टिकू देत नाहीत. हिरवा बुरा दिसला तर तो बहुधा धिंगरीला दाबणारा ट्रायकोडर्माच, ती पिशवी बाजूला काढा. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही वर्ज्य.

काळी माती ओली झाली की हवा कोंडते, म्हणून भुसा भरपूर घाला आणि कालवलेल्या मातीचा ढीग उलटत राहा. हे काम हिवाळ्यातलं. एप्रिलच्या उन्हात धिंगरी तगत नाही. त्यावर आलेली अळिंबी खाऊ नका. माती तपासणीत एंडोसल्फानपासून तयार होणारं एंडोसल्फान सल्फेटही मोजायला सांगा, तेही विषारीच आहे आणि जास्त टिकतं.