मदत हवी आहे: गॉब्लिनचं समन पडेना!

कोल्हापूरकर गेमर मंडळी, मोबाईलवर फायनल फँटसी ४ या गेमची पिक्सेल रीमास्टर (नव्यानं सजवलेली आवृत्ती) खेळतोय. त्यातल्या रिडिया या जादूगार पोरीसाठी गॉब्लिन या छोट्या राक्षसाचं समन, म्हणजे लढाईत त्याला मदतीला बोलवायची जादू, पाहिजे. ते गॉब्लिन मारल्यावरच पडतं (बक्षीस म्हणून मिळतं), तेही क्वचित. १९८७ च्या पहिल्या भागापासूनचा हा किरकोळ गडी. तिथं त्याचा एचपी (जीव) फक्त ८! इथंही नायक सेसिलच्या एका घावात आडवा होतोय, पण हाती नुसते गिल (गेममधले पैसे). ऑटो बॅटल (आपोआप लढाई) लावून केएमटी बसमध्ये बसलो की शिवाजी विद्यापीठ येईपर्यंत हेच चाललेलं असतंय.

गेममधल्या बॅरन राज्याच्या आसपासच फिरू, का गॉब्लिन घोळक्यानं येतात अशी दुसरी जागा हाय? समन कामाचं नाही, ठाऊक हाय राव, पण यादीत रिकामी जागा बघवत नाही. ज्याला मिळालंय त्यानं सांगा, खासबागेत मिसळ माझ्याकडून.