मदत हवी आहे: कॅनडातल्या अथाबास्काच्या तेलवाळूतलं बिटुमेन (डांबरासारखं घट्ट तेल) सुटतं, पण फेसात चढत नाही

क्लार्कची गरम पाण्याची पद्धत (गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याने वाळूतलं बिटुमेन सोडवून हवेच्या बुडबुड्यांनी फेसात वर आणणं), प्रयोगशाळेतली चाचणी. नमुन्यात बिटुमेन ९ टक्के आणि ४४ मायक्रॉनपेक्षा बारीक कण तब्बल ३० टक्के (दुखणं इथेच आहे). १ किलो वाळूला १ लिटर पाणी, ५० अंश सेल्सिअस, कॉस्टिक सोडा वाळूच्या वजनाच्या ०.०५ टक्के, पीएच ८.५. ढवळून हवा सोडली की निम्मं बिटुमेन मधल्या गढूळ थरातच अडकतं.

सोडा दुप्पट केला, तर चिकणमाती आणखी विखुरली. ८० अंशांवर किंचितच सुधारणा. पाणी पुनर्वापराचं आहे, कॅल्शियम लिटरला ६० मिलिग्रॅम; त्यामुळे थेंबांवर मातीचा लेप बसतोय असा संशय. पाणी बदलता येणार नाही, विद्रावकही चालणार नाही.

कॅल्शियम बांधायला सोडियम सायट्रेट घालावं की धुण्याचा सोडा, किती, आणि वाळू मिसळण्याआधी की नंतर?