नुसती सही की नावासकट?

लेखकाच्या सहीची पुस्तकं जमवताना, त्याने अनोळखी माणसाचं नाव घालून लिहून दिलेल्या प्रतीपेक्षा नुसती सही असलेली प्रथमावृत्ती घ्यावी, कारण ते नाव पुढे विकताना आड येतं, असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. हल्लीच्या कादंबऱ्यांपुरतं ते ठीक आहे. जुन्या प्रतींच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. अमेरिकन कादंबरीकार फिट्झजेराल्डने आपली 'द ग्रेट गॅट्सबी' प्रकाशनाच्या वर्षीच, 1925 मध्ये, कवी टी. एस. एलियटला नाव लिहून भेट दिली होती आणि एलियटने त्याच वर्षी 31 डिसेंबरला पत्राने पोच दिली. अशा प्रतीतलं नाव काढलं तर उरतं काय? नाव अगदी अनोळखी असलं, तरी शेजारी प्रकाशनाच्या वर्षातली तारीख असेल तर मी तीच प्रत आधी उचलेन.

सुट्या पानांवरच्या सह्यांबद्दल इथे कुणी लिहिलेलं नाही. प्रकाशक कोरी पानं लेखकाकडे पाठवून सह्या घेतात आणि बांधणीच्या वेळी ती पुस्तकात घालतात. सही अस्सल, पण पुस्तक लेखकाच्या हाताला लागलेलंच नसतं. शिवणीजवळ, म्हणजे पानं पुस्तकाला जोडलेली असतात त्या आतल्या कडेला, नीट बघा, पान डिंकाने चिकटवलेलं दिसेल, कागदही बऱ्याचदा वेगळा लागतो. सही छापील असल्याची शंका आली तर दोन रेषा एकमेकींना छेदतात ती जागा भिंगाखाली धरा. खरी शाई तिथे बहुधा गडद होते, आणि बॉलपेन असेल तर पानामागे बोटाला दाब जाणवतो. विक्रेत्याकडे फोटो मागताना सहीबरोबर शिवणीचाही जरूर मागा.