२१४ कोटींच्या वरची संख्या मूळ आहे, हे हाताने कसं तपासलं असेल?

सांजवारा:
लेक नववीत आहे, प्रोग्रॅमिंग शिकतेय. काल म्हणाली, "आई, ३२ बिटांत, एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी ठेवून, मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७. आणि ती मूळ संख्या आहे! ऑयलर या गणितज्ञाने १७७२ साली दाखवलं." मी वर्गमूळ काढलं, ४६,३४०च्या थोडं वर आलं. तिथवर मूळ संख्याच ४,७९२ आहेत. एवढे भागाकार त्याने केले?

त्रिज्या:
ती म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ३१ मूळ, म्हणून तीही मूळ.

पाटीपेन्सिल:
त्रिज्या, तेवढ्याने होत नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असावाच लागतो, पण पुढचं तपासावं लागतंच.

ताई, युक्ती आहे. तीस वर्षं फळ्यावर गणित शिकवलं, तरी ही मांडताना मला अजून तितकाच आनंद होतो. समजा, 'प' या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग २ च्या ३१ व्या घाताला प ने भागून १ उरतो. फर्मा या गणितज्ञाचा नियम सांगतो, २ च्या (प − १) व्या घातालाही भागून १ च उरतो. ३१ मूळ असल्यामुळे प − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणजे ६२ ने. झालं, निम्म्याहून कितीतरी जास्त काम इथेच संपलं!

आता २ च्या १६ व्या घाताचा वर्ग केला की ३२ वा घात, त्याची बाकी २. म्हणजे प च्या हिशेबात २ हा कशाचा तरी वर्ग ठरतो. असं असेल तर प ला ८ ने भागून १ किंवा ७ च उरतो. दोन्ही अटी एकत्र केल्या की प ला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ उरायला हवेत. ४६,३४० पर्यंत, ६३ सोडून, अशा ३७२ च संख्या आहेत. त्यातल्या ज्या मूळ नाहीत त्याही गाळायच्या.

हे केलं तेव्हा ऑयलर पीटर्सबर्गमध्ये होता, पासष्टीच्या घरात, आणि दृष्टी जवळजवळ गेलेली. वर्गात हे सांगताना मी दरवेळी क्षणभर थांबायचो.

लेकीला २४९ पासून सुरुवात करू द्या. कॅल्क्युलेटर नको.

सांजवारा:
सर, रात्री दोघी ओट्यापाशीच वही घेऊन बसलो. २४९ ला ३ ने भाग जातो, गळली. ३११ मूळ: भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. मग ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ एकामागून एक गळल्या. १२४१ = १७ × ७३ हे लेकीने शोधलं. थेट १३०३ वर आलो, बाकी २२६. आज १४८९.