घातलेले बूट परत नेले तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

शर्ट आरशासमोर दोन मिनिटांत कळतो. बूट कळायला रस्ता लागतो. दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं टाकताना छान वाटलेला जोड दुसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना चढताना करंगळी सोलायला लागतो, आणि तोवर त्याच्या तळाला धूळ लागलेली असते. दुकानदार म्हणतो, घातला म्हणजे तुमचा झाला. गिऱ्हाईक म्हणतं, घातल्याशिवाय कळणार कसं? मला दोघांचंही पटतं, म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात मीच करतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि पावलांची संवेदना बरीच कमी झाली आहे. त्यांना बूट घ्यायला गेलो. "कसे वाटतात?" विचारलं, तर "मस्त" म्हणाले. चावत असते तरी त्यांना कळलं नसतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की नवा बूट आधी घरातच थोडा वेळ घालायचा आणि काढल्यावर पाऊल सगळ्या बाजूंनी बघायचं. तसं बघितलं, तर डाव्या अंगठ्याच्या सांध्यापाशी लालभडक चट्टा. अशा पायाला साधा फोडसुद्धा परवडत नाही, तो चिघळला की प्रकरण कुठे जाईल सांगता येत नाही.

खोका आणि बिल घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने जोड हातात घेतला, पुढच्या भागावर पडलेली घडी दाखवली आणि "घातलेत, नाही घेता येणार" म्हणाला. मी चट्ट्याचा फोटो दाखवला. मग मालक स्वतः उठले. त्यांनी माप तेच ठेवून रुंद बांधणीचा जोड काढून दिला, फरकाचे पैसे घेतले. वर सांगितलं, ज्यांना पाय कळत नाही त्यांचं पाऊल उभं राहून कागदावर आखायचं, ती आकृती कापायची आणि बुटात सरकवायची. कागदाची कड दुमडली तर बूट अरुंद. त्या दिवसापासून भेटेल त्याला मी हे सांगतो.

आता तुम्ही लिहा. बूट, चप्पल, सँडल, काहीही चालेल. फक्त दुकानाचं नाव नको, कारण एका सेल्समनच्या वागण्यावरून अख्ख्या दुकानाला नावं ठेवणं बरोबर नाही.

पुणे, चपलांच्या दुकानात नोकरी

काउंटरच्या आतून कसं दिसतं ते लिहितो. आमच्याकडे परत आलेला जोड आधी उलटा होतो. तळावर खडीचे ओरखडे असतील तर विषय संपतो. तळ स्वच्छ असेल तर चवड्याजवळची घडी बघतो. चामड्यात एकदा घडी पडली की ती जात नाही, आणि पुढचं गिऱ्हाईक तो जोड हातात घेताक्षणी "हा वापरलेला आहे" म्हणून खाली ठेवतं. कंपनी आमच्याकडून परत घेते ते फक्त बनावटीतला दोष असेल तर: सोल उकलला, शिवण सुटली, एक बूट आठचा आणि दुसरा नऊचा निघाला. "पायाला बसत नाही" याला कंपनीकडे रकाना नाही. तो तोटा दुकानाचा. मोठ्या शोरूमला तो पेलतो, गल्लीतल्या दुकानाला एका जोडाच्या तोट्यात बऱ्याच जोडांचा नफा जातो.

तरीही आम्ही बदलून देतो, अनेकदा देतो. गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलं, खोका शाबूत आहे, आणि नेमकं कुठे लागतं ते बोट ठेवून सांगतंय, तर मालक नाही म्हणत नाहीत. लग्नात मिरवून सोमवारी "साईज छोटी पडली" म्हणत येणारेही असतात. तळावरचं गवत आणि मांडवाच्या कार्पेटचे धागे सगळं सांगतात. खरी गरज असलेल्या माणसाकडे संशयाने बघितलं जातं ते या लोकांमुळे, याचं मला फार वाईट वाटतं.

मापाबद्दल एक. यूके आठ आणि नऊ यांच्यात लांबीचा फरक जेमतेम साडेआठ मिलिमीटर असतो, युरोपीय मापात एकेका आकड्यात पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही पट्ट्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आणि बूट रुंदीला अडत असेल तर एक नंबर मोठा घेऊन भागत नाही. लांबी वाढते, बूट वाकण्याची जागा पुढे सरकते आणि टाच निसटायला लागते.

डोंबिवली

शाळेचे काळे बूट, जून महिना, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मुलगा कंटाळलेला, "होतात होतात" म्हणाला. पहिल्याच दिवशी टाचेला फोड घेऊन आला. दुकानदारांनी एक प्रश्न न विचारता बदलून दिले. "शाळेचा माल आहे ताई, वर्षभर मुलाने लंगडत जायचं का?" म्हणाले. तेव्हापासून धाकटीचेही तिथूनच घेतो.

बडोदा

माझा पाय चवड्याला रुंद आहे. बायकांच्या सँडलमध्ये करंगळी कायम पट्ट्याबाहेर. परत करून करून थकले, आणि प्रत्येक वेळी ऐकून घेतलं की "मॅडम, तुमचाच पाय वेगळा आहे." नाही हो, वेगळा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, त्यातही भारतीय पाऊल सर्वसाधारणपणे रुंद असल्याचंच निघालं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली आहे. ती दुकानांत येईल तेव्हा येईल. सध्या मी पुरुषांच्या विभागातून फ्लोटर घेते आणि ऑफिसला घालूनही जाते. सेल्समनसमोर ओशाळत बसलेल्या सगळ्या बायकांना सांगावंसं वाटतं की पाय तुमचा बरोबर आहे.

सिएटल

इथे आल्यावर पहिला धक्का याच गोष्टीचा. आरईआय ही ट्रेकिंगच्या सामानाची सहकारी संस्था आहे, तिचं मूळ दुकान आमच्याच शहरातलं. तिथून घेतलेले हायकिंग बूट चिखलात घालून, चालून, "डाव्या घोट्याला टोचतो" म्हणून परत नेले. काउंटरवरच्या बाईंनी कारण विचारलं, लिहून घेतलं, पैसे परत. मी खोटं बोलत असेन असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. सदस्यांना वर्षभराची मुदत मिळते. परत आलेल्यातल्या चालण्याजोग्या वस्तू ते सदस्यांनाच स्वस्तात विकतात, म्हणजे माल वाया जात नाही.

पण इथेही अति झालंच. 2013 पर्यंत त्यांच्याकडे मुदतच नव्हती. अमेरिकेतल्याच मेन नावाच्या राज्यातल्या एल. एल. बीन या कंपनीची शंभर वर्षांची आजन्म हमी 2018 मध्ये वर्षावर आणावी लागली, कारण लोक दुसऱ्यांचे जुने, झिजलेले बूट विकत घेऊन बदलायला आणू लागले होते. पुण्याच्या दादांनी लिहिलेले मांडवाचे धागे वाचून तेच आठवलं.

म्युनिक

इथे नियम चोख आहे. ऑनलाइन घेतलं तर 14 दिवसांत, कारण न देता परत. दुकानातून घेतलं आणि फक्त बसत नाही म्हणून परत न्यायचं, तर ती दुकानाची मर्जी. ऑनलाइनच्या बाबतीतही घरात घालून बघणं मान्य, रस्त्यावर फिरवून आणलं तर किंमत कापू शकतात. मी नवे बूट नेहमी सतरंजीवरच घालून बघतो.

कोल्हापूर

बुटाचं तुम्ही बघा, मी चपलीचं सांगतो. आमच्याकडं चप्पल परत करायचा प्रश्नच वेगळा, कारण कारागीर समोर बसलेला असतो. कोल्हापुरी घेताना पायाला गच्चच घ्यायची, चामडं वापरानं पसरतं. पहिले काही दिवस चावणार, हे धरूनच चालायचं. तेल लावायचं, घरात घालायची, हळूहळू पायाचा आकार धरते. बाहेरगावचे पाव्हणे दोन दिवसांत "चावते, परत घ्या" म्हणत येतात, तेव्हा चप्पल लाईनीतले मामा पैसे परत देत नाहीत, पायच पुढं करायला सांगतात. कुठं लागतं बघतात, चपलेचा अंगठा किंवा पट्टा सैल करतात, बाजूचे कान उसवून पुन्हा शिवतात. चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, खिळा नसतो, म्हणून हे जमतं. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. मात्र मशीनवर चिकटवलेली नक्कल घेतलीत तर मामासुद्धा काही करू शकत नाहीत.

नाशिक

ट्रेकचे बूट चढताना खोटं बोलतात, उतरताना खरं. हरिश्चंद्रगडावरून उतरताना बोटं पुढे आपटायला लागली आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. परत नेण्यासारखे ते राहिलेच नव्हते, मी नेलेही नाहीत. लेस घोट्यापाशी वेगळ्या पद्धतीने बांधून उतरणं थोडं सुसह्य झालं, पुढे ते बूट सपाटीवर वापरले. नव्यांना सांगणं एवढंच की दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावरून उतरून बघा, नसेल तर जिन्यावरून. संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे बरोबर न्या.

नागपूर, ग्राहक मार्गदर्शनाचं काम

वर 'सदोष' आणि 'बसत नाही' यांची गल्लत व्हायला नको म्हणून लिहिते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिली असेल ती, लिहिली नसेल तर 30 दिवस. म्हणजे सोल उकलला तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही छापील ओळ दुकानाला वाचवत नाही. पण निर्दोष बूट केवळ पायाला बसला नाही, तर कायदा तुमच्या पाठीशी आपोआप उभा राहत नाही. तिथे दुकानाने दिलेला शब्द कामाला येतो, म्हणून तो बिलावर लिहून घ्या: "घरात घालून बघितल्यास इतक्या दिवसांत बदलून मिळेल." बिल न देणं हीदेखील याच कायद्यात अनुचित प्रथा आहे, तेव्हा मागायला संकोच नको. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

पुणे, पुन्हा

नागपूरच्या ताईंचं बिलावर लिहून घेणं आमच्यासाठीही सोयीचं आहे. कोण काय बोललं यावरून भांडण होत नाही. एकच भर घालतो. लिहून घेताना सकाळी या, दुपारी या, पण रविवारी संध्याकाळी नको. त्या गर्दीत तुमचा पाय नीट मोजायलाही आम्हाला वेळ नसतो.